हॅरिएट रिट्व्हो यांचा पशु-इतिहास आणि आपला ‘जात’ हा शब्द

इतिहासाला जनावरे लागतात ती वाहने म्हणून, हे आपल्याकडे बखरींपासून चालत आले आहे. घोडा पडला म्हणजे स्वार पडतो, हत्ती बुजला म्हणजे लढाईचे पारडे फिरते, बैल मेले म्हणजे तोफा चिखलात रुततात. पण घोड्याचा, हत्तीचा वा बैलाचा म्हणून काही इतिहास असू शकेल आणि तो लिहिणाऱ्यास एखाद्या नामांकित विद्यापीठात इतिहासाचे अध्यासन मिळू शकेल, ही कल्पना पश्चिमेकडेही पन्नास वर्षांपूर्वी थट्टेचाच विषय झाली असती. ती आज थट्टेची राहिलेली नाही, याचे श्रेय ज्या मोजक्या अभ्यासकांकडे जाते त्यांत अमेरिकेतील हॅरिएट रिट्व्हो यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या ग्रंथांचा परिचय करून देणे एवढाच या लेखाचा हेतू नाही. ते ग्रंथ भारतीय भाषेत, विशेषतः मराठीत, आणू पाहणाऱ्यास एक विलक्षण अडचण येते. त्या अडचणीतून रिट्व्होबाईंच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या त्या इंग्रजी वाचकाला बहुधा दिसणार नाहीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

रिट्व्होबाईंचे मूळ शिक्षण इतिहासाचे नाही. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे अभियंत्यांच्या आणि पदार्थवैज्ञानिकांच्या माहेरघरात, त्या इतिहासाच्या आर्थर जे. कॉनर अध्यासनावर दीर्घ काळ होत्या. ‘दि ॲनिमल इस्टेट’ हा त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९८७ मध्ये निघाला. १९९७ मध्ये ‘दि प्लॅटिपस अँड दि मर्मेड’, २००९ मध्ये ‘दि डॉन ऑफ ग्रीन’ आणि २०१० मध्ये ‘नोबल काउज अँड हायब्रिड झीब्राज’ हा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील पर्यावरण-इतिहास परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि प्राणी व इतिहास या विषयावरील एका ग्रंथमालेचे संपादनही केले. १९९० मध्ये त्यांना व्हायटिंग पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार लेखकांना दिला जातो, इतिहासकारांना म्हणून नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कारण या साऱ्या कारकिर्दीचे मर्म, माझ्या मते, त्या पहिल्या शिक्षणात आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला एक सवय जडलेली असते. समोरच्या मजकुरात काय सांगितले आहे यापेक्षा ते कोणत्या शब्दांत सांगितले आहे, कोणते विशेषण कुठे पुन्हा पुन्हा येते, कोणती उपमा लेखकाच्या नकळत वाक्यात शिरली आहे, इकडे त्याचे लक्ष आधी जाते. ही सवय रिट्व्होबाईंनी काव्य-कादंबऱ्यांवरून उचलली आणि ज्यांना कोणी कधी साहित्य म्हटले नव्हते अशा कागदांवर ती चालवली. गुरांच्या वंशावळींच्या वह्या, कुत्र्यांच्या प्रदर्शनांच्या सूची, प्राणिसंग्रहालयांच्या मार्गदर्शिका, शिकाऱ्यांच्या आठवणी, भूतदया-संस्थेचे वार्षिक अहवाल आणि पशुवैद्यांची पत्रके हा त्यांचा ग्रंथसंभार. एखाद्या बैलाच्या वर्णनात ‘उदात्त’, ‘खानदानी’, ‘भारदस्त’ ही विशेषणे आली की सामान्य इतिहासकार ती ओलांडून बैलाच्या वजनाकडे जाईल. रिट्व्होबाई मात्र त्या विशेषणांपाशीच थबकतात.

पहिल्या ग्रंथाचा आरंभच त्या एका फाशीने करतात. १६७९ मध्ये लंडनच्या टायबर्न येथे एका स्त्रीला पशुसंगाच्या गुन्ह्याबद्दल फाशी देण्यात आले, आणि तिच्याबरोबर त्या कुत्र्यालाही. हा प्रकार आज आपल्याला रानटी वाटतो. पण त्यामागे एक गृहीत होते. जनावरही अपराध करू शकते, त्यालाही दंड होऊ शकतो, म्हणजे ते नीतीच्या कक्षेत आहे, असे ते गृहीत होय. इंग्लंडच्या कायद्यात आणखी एक जुनी तरतूद होती. ज्या जनावरामुळे वा वस्तूमुळे माणसाचा मृत्यू घडे ते जनावर वा ती वस्तू सरकारजमा होत असे. ही तरतूद १८४६ मध्ये रद्द झाली. या दोन टोकांच्या दरम्यान जनावर अपराधी राहिले नाही. ते कोणाच्या तरी मालकीची चीज झाले. त्याचा दर्जा वाढला म्हणावा की घटला, हा प्रश्न रिट्व्होबाई वाचकावर सोडतात. तो सोडण्याची त्यांची रीत मला फार आवडते. फाशी गेलेल्या कुत्र्याविषयी त्या हळहळत नाहीत, हसतही नाहीत.

या ग्रंथाचे सर्वांत भरीव प्रकरण गुरांच्या पैदाशीचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस्टरशायरमधील डिशली येथे रॉबर्ट बेकवेल याने निवडक पैदाशीचे तंत्र नावारूपास आणले आणि त्याचे अनुकरण करण्यात उमरावांची चढाओढ लागली. १७९८ मध्ये स्मिथफील्ड क्लब स्थापन झाला. १७९६ मध्ये जन्मलेला डरहॅमचा बैल खास बांधलेल्या गाडीत घालून १८०१ पासून जवळजवळ सहा वर्षे इंग्लंड-स्कॉटलंडभर फिरवण्यात आला. लोक पैसे देऊन त्याला पाहत. त्याची चित्रे छापून विकली गेली, आणि १८०७ मध्ये त्याचा खुबा निखळला तेव्हा त्याला मारावे लागले. १८१० मध्ये ‘कॉमेट’ नावाचा वळू एक हजार गिनींना विकला गेला. १८२२ मध्ये जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न गुरांच्या वंशावळींची वही छापली. घोड्यांची अशी वही १७९१ मध्येच निघाली होती. आता वरवर पाहता ही शेतीसुधारणेची कथा आहे, आणि इंग्लंडच्या कृषि-इतिहासात ती तशीच सांगितली जाते. रिट्व्होबाई विचारतात की हे बैल इतके लठ्ठ कशासाठी होते? त्यांच्या मांसातली चरबी खाणाऱ्याला नकोशी झाली होती, त्यांना पोसण्याचा खर्च मांसाच्या किमतीतून निघत नव्हता, आणि सामान्य शेतकऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. तरीही सरदारांनी ते पोसले, त्यांची चित्रे दिवाणखान्यात लावली, त्यांच्या वंशावळी आपल्या वंशावळींच्या थाटात छापल्या. बैलाचे घराणे आणि मालकाचे घराणे ही एकाच वाक्यरचनेत बसू लागली. देशभक्ती, कुलीनता आणि जमिनीची मालकी या तिन्हींचे प्रदर्शन त्या एका मेदस्वी देहावर मांडलेले होते, असा बाईंचा निष्कर्ष आहे, आणि तो त्यांनी एकेका पानातून, एकेका विशेषणातून सिद्ध केला आहे.

कुत्र्यांच्या प्रकरणात हाच न्याय मध्यमवर्गाला लावला आहे. न्यूकॅसलला १८५९ मध्ये पहिले रीतसर श्वानप्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला. कुत्रा पाळणारे बहुतेक शहरातले होते. त्यांना जमीनदारी नव्हती, वंशावळ नव्हती. ती त्यांनी कुत्र्यात निर्माण केली. बैलांशी कुत्री झुंजवण्याचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाल्यावर बुलडॉग निरुपयोगी झाला होता. तोच पुढे प्रदर्शनात येऊन राष्ट्राच्या धैर्याचे प्रतीक ठरला, आणि त्याच्या नाकाची, जबड्याची, पायांची मापे समित्या ठरवू लागल्या. झुंजीसाठी जे शरीर घडले होते ते झुंज संपल्यावर अधिकच विद्रूप केले गेले, आणि त्या विद्रूपतेला शुद्धता हे नाव मिळाले. भूतदयेच्या प्रकरणात बाईंची लेखणी अधिक कठोर होते. गुरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १८२२ मध्ये कायदा झाला, १८२४ मध्ये संस्था निघाली आणि १८४० मध्ये तिला राणीचा आश्रय मिळाला. पण खटले भरले गेले ते गाडीवाल्यांवर, गुरे हाकणाऱ्यांवर आणि कोंबडे झुंजवणाऱ्यांवर. कोल्ह्याच्या शिकारीला त्या दयेची झळ लागली नाही. दयेची ही वर्गीय बाजू दाखवताना बाई दयेलाच खोटे ठरवत नाहीत, हे त्यांच्या संयमाचे लक्षण होय. कमी प्रतीचा अभ्यासक येथे घसरला असता.

आता त्या अडचणीकडे वळू. ती ग्रंथाच्या नावापासूनच सुरू होते. इंग्रजीत ‘इस्टेट’ म्हणजे मालमत्ता, आणि ‘इस्टेट’ म्हणजे राज्यव्यवस्थेतील एक मान्य वर्ग, जसा धर्मगुरूंचा, सरदारांचा आणि रयतेचा. पशू ही माणसाची मालमत्ता आहे, आणि पशू हा समाजातला एक वर्गही आहे, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. उपशीर्षकात इंग्रज आणि इतर प्राणी असा शब्दप्रयोग करून त्यांनी आणखी एक चिमटा काढला आहे. मराठीत ‘इस्टेट’ हा शब्द घरचाच झाला आहे. भाऊबंदकीच्या खटल्यांनी तो आपल्या खेड्यापाड्यांत नेऊन पोहोचवला. पण आपण त्यातला मालमत्तेचा अर्थ तेवढा घेतला, दुसरा दारातच ठेवला. ‘पशूंची इस्टेट’ म्हटले तर मराठी वाचकाला वाटेल की ती जनावरांच्या मालकीची जमीन आहे, म्हणजे नेमका उलटा अर्थ. हिंदीतल्या ‘जायदाद’ने वा बंगालीतल्या ‘सम्पत्ति’ने हेच होईल.

तथापि शीर्षकाची अडचण ही केवळ उंबरठ्यावरची ठेच आहे. खरा अडसर आत आहे, आणि तो ‘जात’ या शब्दाचा आहे. रिट्व्होबाईंच्या ग्रंथांत तीन इंग्रजी शब्द सतत येतात. एक शास्त्रज्ञाचा, जो वाघ आणि सिंह यांना वेगळे करतो. दुसरा पैदासकाराचा, जो शॉर्टहॉर्न आणि हेरफर्ड यांना वेगळे करतो. तिसरा समाजाचा, जो उमराव आणि गाडीवाला यांना वेगळे करतो. पहिले दोन शब्द तिसऱ्याचे काम गुपचूप करतात, हे दाखवण्यासाठी त्यांनी शेकडो पाने खर्ची घातली आहेत. मराठीत या तिन्हींना आपण काय म्हणतो? वाघ ही एक जात, खिल्लार ही बैलांची एक जात, आणि माणसाची तर जात असतेच. आपल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या अर्थी ‘जाती’ आणि तिच्या वरच्या पायरीस ‘प्रजाती’ असे शब्द योजले आहेत. हिंदीत ‘प्रजाति’ हा शब्द सर्रास खालच्या पायरीसाठी चालतो, म्हणून दोन्ही भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याचा आणखी गोंधळ उडतो. परंतु पायऱ्या कशाही लावल्या तरी धातू एकच आहे, जन्माचा. ‘जातिवंत’ घोडा आणि ‘कुळीचा’ मनुष्य यांत आपल्या कानाला रूपक ऐकूच येत नाही.

याचा परिणाम असा होतो की मूळ ग्रंथातले जे वाक्य इंग्रजी वाचकाला गौप्यस्फोटासारखे वाटते तेच मराठीत उतरवले की द्विरुक्ती होऊन बसते. जनावरांच्या जातींची उतरंड ही माणसांच्या जातींच्या उतरंडीसारखी आहे, असे लिहिले तर वाचक म्हणेल, यात सांगितलेत काय? शब्दच सांगतो आहे! प्रस्तुत लेखकाने पहिल्या ग्रंथाची दोन प्रकरणे मराठीत उतरवून पाहिली तेव्हा हे पानोपानी जाणवले. पैदासकाराच्या शब्दासाठी ‘वाण’ घेतला तर तो बियाण्याकडे ओढतो, ‘अवलाद’ घेतला तर शिवीकडे, ‘वंश’ घेतला तर पुराणाकडे. यांपैकी कोणताही शब्द निर्दोष नाही, आणि खरे पाहता इंग्रजी शब्दही निर्दोष नव्हताच. फक्त त्याच्या दोषावर इंग्रजी भाषेने एक पडदा टाकला होता, जो आपल्या भाषेने कधी टाकला नाही. रिट्व्होबाईंचे सारे कौशल्य तो पडदा बाजूला करण्यात आहे. जिथे पडदाच नाही तिथे त्या कौशल्याचे काय करावे? माझे उत्तर असे आहे की आपल्याकडे समीक्षकाचे काम उलट दिशेने सुरू होते. तिकडे जे वेगळे भासते ते एक आहे हे दाखवायचे असते. इकडे जे एक भासते ते वेगळे होते, ते केव्हा, कोणी आणि कोणत्या कामासाठी एक केले, हे शोधावे लागते. खिल्लार ही जात आणि माणसाची जात यांना एकच शब्द लागतो म्हणून त्या दोन्ही निसर्गदत्त आहेत, अशी समजूत आपल्या बोलण्यात इतकी मुरलेली आहे की तिच्यावर बोट ठेवण्यास परभाषेतला ग्रंथ लागावा, हे अनुवादकार्याचे एक समर्थनच म्हणावे लागेल.

‘संकर’ या शब्दाने हीच गोष्ट आणखी तीव्रतेने पुढे येते. दुसऱ्या ग्रंथाच्या नावातला प्लॅटिपस हा ऑस्ट्रेलियातला प्राणी. त्याचे कातडे इंग्लंडात पोहोचले तेव्हा बदकाची चोच केसाळ देहाला शिवून कोणी फसवीत तर नाही ना, अशी शंका आली. जॉर्ज शॉ याने १७९९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेही साशंक मनाने. तो अंडी घालतो ही गोष्ट निर्विवाद ठरायला १८८४ साल उजाडले. त्याच काळात माकडाचा वरचा भाग आणि माशाचे शेपूट जोडून केलेली ‘मत्स्यकन्या’ लंडनमध्ये तिकीट लावून दाखवली गेली. खरा प्राणी खोटा वाटावा आणि खोटा खरा, अशा या संधिकाळात वर्गीकरण ही केवळ शास्त्रज्ञांची मक्तेदारी नव्हती. खाटीक, पैदासकार, शिकारी, खेळवाले या सर्वांची आपापली वर्गीकरणे होती आणि ती शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाशी टक्कर देत होती, हे बाईंनी अतिशय मौजेने दाखवले आहे. त्या ग्रंथातील एका प्रकरणाचे नाव योहानाच्या शुभवर्तमानातील एका प्रसिद्ध वचनाला उलटे करून घेतले आहे. तेथे शब्दाला देह मिळतो, येथे देहाचा शब्द होतो. साहित्याच्या विद्यार्थिनीची खूण यात पटते.

संकरावरील प्रकरणात लॉर्ड मॉर्टनच्या घोडीची गोष्ट येते. या घोडीला आधी क्वागा या झेब्र्यासारख्या प्राण्यापासून एक शिंगरू झाले. पुढे तिला काळ्या अरबी घोड्यापासून शिंगरे झाली, त्यांच्या अंगावरही पट्टे दिसले. ही हकीकत १८२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली आणि पहिल्या नराचा प्रभाव मादीच्या पुढच्या साऱ्या अपत्यांवर उरतो, हा समज जवळजवळ शतकभर टिकला. डार्विननेही ती हकीकत विचारात घेतली. शतकाच्या अखेरीस एडिनबरोजवळ पेनीक्विक येथे कॉसर यूअर्ट यांनी झेब्रा आणि घोड्या यांवर प्रयोग करून तो समज खोडून काढला. येथेही बाई प्रयोगापेक्षा भाषेकडे पाहतात. कुत्री पाळणारे आपल्या कुलीन कुत्रीला गल्लीतल्या कुत्र्यापासून कसे जपावे याविषयी जे लिहीत, त्यात कुत्रीविषयीचे किती आणि घरच्या मुलींविषयीचे किती, असा त्यांचा रोख आहे. आपल्याकडे यावर टीका लिहिण्याचीही गरज पडू नये. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला ज्या वर्णसंकराचे भय वाटते त्यातला ‘संकर’ हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूधसंघांनी आणि पशुवैद्यांनी उचलला, आणि ‘संकरित गाय’ ही आपल्या गावोगाव भरभराटीची खूण झाली. एकाच घरात, एकाच माणसाच्या तोंडी, गोठ्यात संकर म्हणजे प्रगती आणि लग्नाच्या बैठकीत संकर म्हणजे अधःपात, असे हा शब्द दोन्ही कामे निर्वेधपणे करतो. असे उदाहरण रिट्व्होबाईंना मिळाले असते तर त्यांनी त्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले असते, यात मला शंका नाही.

बाईंवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की त्यांच्या पशु-इतिहासात पशू नाही. त्यात माणसाचे पशूविषयीचे बोलणे आहे. हा आक्षेप त्यांच्या नंतरच्या पिढीने अधिक जोराने मांडला. फ्रान्समधील एरिक बाराते यांनी २०१२ मध्ये पशूच्या बाजूने इतिहास लिहिण्याचा आग्रह धरणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. खाणीतला घोडा, रणांगणावरचा घोडा, गाडीचा बैल यांनी काय सोसले हे पशुवैद्यांच्या व सैनिकांच्या नोंदींतून आणि आजच्या प्राणिवर्तनशास्त्राच्या साहाय्याने उभे करता येते, असा त्यांचा दावा आहे. रिट्व्होबाईंनी ‘डीडॅलस’ या नियतकालिकात २००७ मध्ये अभ्यासविश्वाच्या पशूंकडे वळण्याविषयी लिहिले. पण त्या स्वतः आपल्या कागदांपासून फारशा हलल्या नाहीत. मला त्यांची बाजू अधिक प्रामाणिक वाटते. डरहॅमच्या बैलाला त्या गाडीत काय वाटत होते हे कोणत्याही कागदात नाही. कल्पनेने ते लिहिता येते, आणि आपल्या भाषांत ते उत्तम लिहिले गेले आहे. प्रेमचंदांचे हिरा-मोती, शरच्चंद्रांचा महेश, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधील वानरांच्या टोळ्या ही त्याची साक्ष. ‘सत्तांतर’ला १९८३ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला तो कादंबरी म्हणून. तिचे सामर्थ्य निरीक्षणात आहेच, परंतु ते निरीक्षण कथेच्या जबाबदारीवर पुढे जाते. इतिहासकाराला ती मुभा नाही. मात्र एका ठिकाणी बाईंचा संयम मला कोरडा वाटतो. पिसाळलेल्या कुत्र्यांवरील प्रकरणात गरिबांच्या कुत्र्यांविषयीचे भय, मुसक्यांचे हुकूम, वर्तमानपत्रांतील गदारोळ हे सारे आहे. पण जलसंत्रासाने मरणाऱ्या माणसाचे आणि कुत्र्याचे मरण ही गोष्ट बोलण्याच्या पलीकडची आहे, तिथे निव्वळ शब्दांच्या अभ्यासाने काही हाताला लागत नाही. ज्या देशात आजही या रोगाने माणसे मरतात त्या देशातल्या वाचकाला ही उणीव बोचणारच.

तिसऱ्या ग्रंथाविषयी थोडक्यात सांगता येईल. मँचेस्टर शहराला पाणी पुरवण्यासाठी सरोवर-प्रदेशातील थर्लमीर तळ्याला बांध घालण्याची योजना १८७७ मध्ये पुढे आली. वर्ड्‌स्वर्थच्या प्रदेशाचे सौंदर्य नष्ट होणार म्हणून रस्किनसारख्यांनी विरोध केला, तरीही १८७९ मध्ये कायदा झाला आणि १८९४ मध्ये सुमारे ९६ मैलांचा प्रवास करून पाणी शहरात पोहोचले. कथा चांगली आहे, सांगितलीही नेटकी आहे. पण पहिल्या दोन ग्रंथांतील शोधक नजर येथे कमी दिसते. त्यापेक्षा निबंधसंग्रह सरस आहे. त्यात चिलिंगहॅमच्या पांढऱ्या रानगुरांवरील निबंध अवश्य वाचावा. सरदाराच्या उपवनात बंदिस्त असलेल्या या कळपाला एकोणिसाव्या शतकात प्राचीन ब्रिटनचे अस्सल, अभंग वंशज ठरवले गेले. तो वंश इतका शुद्ध, इतका रानटी आणि इतका देशी, की त्यांचा मालकही आपोआप तितकाच पुरातन ठरावा. ‘देशी’ गाईंविषयी आज आपल्याकडे जे उत्साहाने लिहिले जाते ते वाचणाऱ्याने हा निबंध शेजारी ठेवावा, एवढेच सुचवतो.

राहिला भारताचा प्रश्न. बाईंच्या ग्रंथात हिंदुस्थान येतो तो बंदुकीच्या नळीतून आणि पिंजऱ्याच्या गजांतून. शिकाऱ्यांच्या आठवणींत वाघ हा साम्राज्याचा शत्रू असतो आणि त्याचे कातडे हे विजयाचे पत्रक. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात, जे १८२८ मध्ये उघडले आणि ज्यात सामान्य जनतेला पैसे देऊन जायला १८४७ पर्यंत थांबावे लागले, जिंकलेल्या प्रदेशांचे जणू नमुने मांडलेले असतात. हे विश्लेषण मार्मिक आहे. परंतु हाकारे घालणारा, मचाण बांधणारा, माहूत यांची त्यात केवळ सावली दिसते, कारण बाईंचे कागद इंग्रजांचे आहेत. ग्रंथाने आपली कक्षा उपशीर्षकातच सांगितली असल्याने हा दोष म्हणता येणार नाही; पण आपल्याला तिथे थांबण्याचे कारण नाही. महेश रंगराजन यांनी ‘इंडियाज वाइल्डलाइफ हिस्टरी’ या २००१ च्या ग्रंथात भारतीय वन्यजीवनाचा इतिहास इकडून पाहण्याचा पाया घातला आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये काढले; ते काढवून घेणारा इंग्रज वकील मॅलेट आणि काढणारा तांबट यांनी एकच गेंडा पाहिला असला तरी एकच गोष्ट पाहिली होती काय, हा रिट्व्होबाईंच्या शाळेत शिकलेल्या अभ्यासकाला सुचावा असा प्रश्न आहे.

आणि मुंबईची १८३२ मधली हकीकत तर त्यांच्या सूत्रालाच कलाटणी देणारी आहे. त्या वर्षी जून महिन्यात भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतरांनी साथ दिली, शहराचे व्यवहार थांबले. आणि पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आदी धनिकांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभे राहिले. बाईंच्या इंग्लंडात बेवारस कुत्रा हा गरिबांचा कुत्रा असतो आणि प्रतिष्ठित माणूस त्याच्या बंदोबस्ताच्या बाजूने असतो. मुंबईत शहरातले अत्यंत प्रतिष्ठित व्यापारी कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या कुत्र्यासाठी सरकारशी भांडतात. तो कुत्रा ना मालमत्ता, ना मालकाचे प्रतिबिंब. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला असलेले स्थान, गुजराती व्यापाऱ्यांची जैन-वैष्णव जीवदया आणि कंपनी सरकारविरुद्धची शहरी धुसफूस या तिन्ही धाग्यांचा पीळ तिथे आहे. वर्गीय रूपकाच्या एका किल्लीने हे कुलूप उघडत नाही.

खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी ही नावे वंशावळीच्या छापील वहीतून आलेली नाहीत. ती मुलखावरून, रंगावरून, चाकरीवरून पडली आहेत. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी देवमण शोधतो, घोड्याचा बाप कोण हे मागाहून विचारतो. बैल घेणारा शिंग, खूर, वशिंड आणि भोवरे पाहतो. म्हणजे आपल्या गुरांच्या बाजाराची भाषा ही जन्मापेक्षा लक्षणांची आहे, आणि ‘जात’ हा शब्द सर्वत्र एकच काम करतो हे मी वर केलेले विधान बाजारात गेले की थोडे सैल करावे लागते. मराठी अनुवादात पैदासकाराच्या शब्दासाठी मी अखेर ‘अवलाद’ पत्करला आहे, शिवीचा वास सहन करून. शास्त्रज्ञाच्या शब्दासाठी ‘जाती’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द राहिला. आणि ‘इस्टेट’ मात्र शीर्षकात तशीच ठेवून तिच्या दुसऱ्या अर्थासाठी प्रस्तावनेत अर्धे पान खर्चावे लागेल असे दिसते.